रेड्डी का नकोत?

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे राष्ट्रपती भवनातच निधन झाले. पदावर असताना मृत्यू आलेले ते भारताचे पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याच दिवशी हंगामी राष्ट्रपती म्हणून सूत्रे हाती घेतली. राज्यघटनेनुसार सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडायचा होता. आधीच्या निवडणुकांचा अनुभव पाहिला, तर हे काम फारशी खळबळ न होता उरकायला हवे होते. प्रत्यक्षात पुढच्या साडेतीन महिन्यांत अर्थमंत्र्यांचे खाते गेले, चौदा बँका सरकारच्या झाल्या, देशाच्या सरन्यायाधीशांवर राष्ट्रपती भवन सांभाळण्याची वेळ आली आणि ज्या उमेदवाराच्या अर्जावर पंतप्रधानांनी स्वतः सही केली होती, त्याच उमेदवाराला पाडून त्यांचा विजय साजरा झाला.

तो उमेदवार म्हणजे नीलम संजीव रेड्डी. लोकसभेचे सभापती, आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, काँग्रेसचे माजी अध्यक्ष. त्यांना विरोध का झाला, याचे त्या वेळी दिले गेलेले उत्तर एक होते आणि खरे उत्तर दुसरे. खरे उत्तर अधिक गंभीर होते, पण ते मतदारांसमोर मोकळेपणाने मांडले गेले नाही. त्याची किंमत देशाला पुढे मोजावी लागली.

काँग्रेसची अवस्था तेव्हा कशी होती, ते आधी पाहायला हवे. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या. स्वातंत्र्यानंतर इतके काठावरचे बहुमत पक्षाने पाहिले नव्हते. अनेक राज्ये हातातून गेली. पक्षसंघटनेवर पकड असलेले मातब्बरही घरी बसले. के. कामराज तमिळनाडूत एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले, बंगालमध्ये अतुल्य घोष हरले आणि दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिस यांनी धूळ चारली. मुंबई काँग्रेसवर वर्षानुवर्षे राज्य केलेल्या पाटलांचा तो पराभव मुंबईकर बरेच दिवस विसरले नाहीत.

कामराज, पाटील, घोष, एस. निजलिंगप्पा आणि संजीव रेड्डी या मंडळींना वर्तमानपत्रांनी ‘सिंडिकेट’ असे नाव दिले होते. १९६६ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर याच मंडळींनी इंदिरा गांधींना पुढे केले आणि संसदीय पक्षात मोरारजी देसाईंचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव झाला. ही बाई आपल्या सल्ल्याने चालेल, असा त्यांचा हिशेब होता. तो पहिल्या वर्षभरातच चुकू लागला. १९६७ मध्ये झाकीर हुसेन यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे करण्याचा आग्रह इंदिरा गांधींनी तडीस नेला. कामराजांचा कल डॉ. राधाकृष्णन यांनाच पुन्हा संधी देण्याकडे होता. विरोधी पक्षांनी सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांना पदाचा राजीनामा द्यायला लावून मैदानात उतरवले, तरी झाकीर हुसेन निवडून आले. पंतप्रधानांनी आपल्या पसंतीचा राष्ट्रपती निवडून आणला, ही गोष्ट सिंडिकेटच्या मनात रुतून बसली.

१९६९ मध्ये झाकीर हुसेन गेले आणि ही सल उसळून वर आली.

*

राष्ट्रपती हे नामधारी पद आहे, असे शाळेच्या पुस्तकात शिकवले जाते. मग त्यासाठी एवढा जीवघेणा संघर्ष कशाला? याचे उत्तर घटनेच्या काही मोजक्या वाक्यांत होते. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना ‘साहाय्य आणि सल्ला’ देईल, एवढेच घटनेत लिहिले होते. तो सल्ला राष्ट्रपतींनी मानलाच पाहिजे, असे त्या काळी घटनेत स्पष्ट शब्दांत कुठेच नव्हते. खुद्द डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी १९६० मध्ये दिल्लीत कायदेपंडितांसमोर बोलताना राष्ट्रपतींच्या अधिकारांचा नीट अभ्यास व्हावा, असे सुचवले होते. नेहरूंना ते रुचले नव्हते. पण नेहरूंमागे लोकसभेत भक्कम बहुमत होते, त्यामुळे प्रश्न कागदावरच राहिला.

इंदिरा गांधींकडे ती सोय नव्हती. ५२० च्या सभागृहात २८३ खासदार, आणि त्यांतले कितीतरी संघटनेच्या मुठीत. स्वतंत्र पक्षाचे ४४ आणि जनसंघाचे ३५ सदस्य समोर बसलेले. उद्या पक्ष फुटला, सिंडिकेटने आपला गट बाहेर काढला आणि या दोन पक्षांशी हातमिळवणी केली, तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचे हे ठरवणार कोण? राष्ट्रपती. इंदिरा गांधी आणि त्यांचे सचिव पी. एन. हक्सर यांना धास्ती होती ती याच एका क्षणाची. रेड्डींचा स्वभाव, त्यांचा प्रांत, त्यांची विद्वत्ता यांतले काहीच त्या धास्तीच्या मुळाशी नव्हते. ते सिंडिकेटचे होते, एवढे पुरेसे होते.

ही धास्ती निराधार नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस खरोखर फुटली. साठाहून अधिक खासदार पलीकडे गेले आणि इंदिरा गांधींच्या सरकारचे स्वतःचे बहुमत संपले. कम्युनिस्ट आणि द्रमुक यांच्या आधारावर सरकार तरले. त्या घडीला राष्ट्रपती भवनात रेड्डी असते तर त्यांनी काय केले असते, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पंतप्रधानांनी तो विचार आधीच केला होता, यात नवल नाही.

*

जुलै १९६९. बंगळूरच्या लालबागेतील काचघरात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. एप्रिलमध्ये फरिदाबादच्या अधिवेशनात ठिणगी पडून गेली होती. तिथे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी सरकारी उद्योगांच्या कारभारावर जाहीर टीका केली आणि पंतप्रधानांनी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले. बंगळूरला इंदिरा गांधी तब्येतीचे कारण सांगून उशिरा पोचल्या. त्यांच्या आधी त्यांचे एक टिपण पोचले, ते फक्रुद्दीन अली अहमद यांच्या हाती. घाईघाईत सुचलेले काही विचार, असे त्याचे रूप होते. आत मात्र बड्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणापर्यंतची यादी होती. सिंडिकेटने ते टिपण फारशी खळखळ न करता मान्य करून टाकले. त्यांचे लक्ष आर्थिक धोरणावर नव्हतेच. ते राष्ट्रपतिपदावर होते.

१२ जुलैला संसदीय मंडळाची बैठक बसली. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात दलित समाजातला राष्ट्रपती व्हावा, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता, आणि विरोधकांना त्यावर उत्तर देणे अवघड गेले. तरीही मतदान झाले तेव्हा रेड्डींच्या बाजूने कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण असे चौघे उभे राहिले. जगजीवनराम यांच्या बाजूने फक्त इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन अली अहमद.

या चारांपैकी यशवंतरावांचे मत महाराष्ट्राने आणि दिल्लीनेही पुन्हा पुन्हा उकरून काढले आहे. गृहमंत्री, साताऱ्याचे खासदार, संघटनेत आणि सरकारात दोन्हीकडे वजन असलेला नेता. आर्थिक प्रश्नांवर त्यांची भूमिका इंदिरा गांधींच्या जवळची होती, सिंडिकेटच्या नव्हे. बँकांच्या बाबतीत तर ते पंतप्रधानांबरोबरच होते. तरी नावाच्या प्रश्नावर त्यांनी रेड्डींना मत दिले. चव्हाणांचे विरोधक याला सत्तेचा हिशेब म्हणतात, चाहते याला दिलेल्या शब्दाची बूज म्हणतात. एवढे खरे, की पुढे पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींबरोबर राहिले, आणि तरीही जून १९७० मध्ये गृहखाते त्यांच्याकडून काढून पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले. चव्हाणांकडे अर्थखाते आले. महाराष्ट्राचा नेता पंतप्रधान होण्याची जी शक्यता साठच्या दशकात बोलली जात होती, ती बंगळूरच्या त्या बैठकीनंतर क्षीण होत गेली.

पंतप्रधान आपल्याच पक्षाच्या मंडळात हरल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, हंगामी राष्ट्रपती गिरी यांनी आपण अपक्ष उभे राहणार असल्याचे जाहीर केले.

पुढचा आठवडा विजेसारखा गेला. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. मोरारजींनी उपपंतप्रधानपदही सोडले. १९ जुलैच्या शनिवारी, संसदेचे अधिवेशन सुरू व्हायला दोन दिवस असताना, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. प्रत्येकी ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या त्या बँका होत्या. त्यांत टाटा, बिर्ला यांच्या वर्तुळातल्या बलाढ्य बँका होत्या आणि पुण्यात रुजलेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. वटहुकमावर सही होती गिरींची. दुसऱ्या दिवशी निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी पद सोडले आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. याची तजवीज मे महिन्यातच एका नव्या कायद्याने झाली होती. जुलैअखेर अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत आले, तेव्हा त्यांचे स्वागत करायला राष्ट्रप्रमुख म्हणून उभे होते ते हिदायतुल्ला.

बँकांच्या निर्णयाने सगळे चित्र पालटले. पंतप्रधानांच्या घरासमोर टॅक्सीवाले, रिक्षावाले, हातगाडीवाले, शिक्षक, कारकून यांचे मोर्चे येऊ लागले. त्यांपैकी अनेकांनी बँकेची पायरी कधी चढली नसेल. पण बँका आता आपल्या झाल्या, ही भावना खरी होती. तिला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. खेड्यातल्या शेतकऱ्याला बँक दाराशी उभे करत नव्हती, सावकाराकडे जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते, हे त्या काळचे सत्य होते. मात्र याच लाटेवर राष्ट्रपतिपदाचा प्रश्न चढवण्यात आला. रेड्डींना मत म्हणजे सावकारांना, भांडवलदारांना मत. गिरींना मत म्हणजे गरिबांना मत. अधिकारांचा प्रश्न बाजूला पडला आणि त्याच्या जागी गरीब-श्रीमंतांचा प्रश्न आला.

*

रेड्डी खरोखर भांडवलदारांचे माणूस होते का? अनंतपूर जिल्ह्यातल्या इल्लूर गावचा हा शेतकरी कुटुंबातला मुलगा कॉलेज सोडून स्वातंत्र्य चळवळीत गेला, तुरुंगात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश अस्तित्वात आला तेव्हा ते त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त प्रसंग घडला तो खासगी बसमार्ग सरकारी करण्याच्या निर्णयावरून. कर्नूल जिल्ह्यातले मार्ग राजकीय आकसाने आधी ताब्यात घेतले, असा आरोप झाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर प्रतिकूल शेरे मारले आणि रेड्डींनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९६७ मध्ये ते लोकसभेचे सभापती झाले तेव्हा त्यांनी पक्षाचे सदस्यत्व सोडले. सभापती पक्षातीत असावा, हे नुसते न बोलता त्यांनी आचरून दाखवले. त्यांच्या खात्यावर जमा करावी अशी ती गोष्ट आहे.

म्हणजे व्यक्ती म्हणून त्यांना नाकारण्याची कारणे तोकडी होती. मग विरोधकांनी नको त्या वाटेने जायला सुरुवात केली. रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे एक निनावी पत्रक खासदारांच्या हाती पडू लागले, थेट संसदेच्या सेंट्रल हॉलपर्यंत. निवडणुकीनंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गिरींच्या निवडीला आव्हान देणाऱ्या अर्जांच्या सुनावणीत राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला आले. पदावर असलेल्या राष्ट्रपतीने असे हजर राहण्याचा प्रसंग त्याआधी आला नव्हता. पत्रक वाटले गेले होते. पण त्यात गिरींचा हात किंवा त्यांची संमती असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि १९७० मध्ये ते अर्ज फेटाळले गेले. गिरींची निवड कायद्याने शाबूत राहिली. ज्यांनी ते पत्रक लिहिले आणि वाटले, त्यांनी सार्वजनिक जीवनात जे विष कालवले, त्याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाच्या हाती नव्हता.

*

या लढतीत तिसरा उमेदवार होता, आणि मराठी वाचकाने त्याच्यापाशी थांबायलाच हवे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले होते. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेला हा रोह्याचा विद्यार्थी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन पुढे केंब्रिजला गेला, आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात सहा वर्षे अर्थमंत्री राहिला. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा अर्थमंत्री होता. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली, मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात माणसे मेली आणि त्याची न्यायालयीन चौकशी करायला सरकार तयार होईना, तेव्हा चिंतामणरावांनी लोकसभेत सरकारचे वाभाडे काढून मंत्रिपद सोडले. महाराष्ट्रात त्यांचे नाव आजही त्या राजीनाम्यासाठी आदराने घेतले जाते.

तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून झटणाऱ्यांत आघाडीवर होते स. का. पाटील. तेरा वर्षांनी त्याच दोघांच्या गटाला चिंतामणरावांची दुसऱ्या पसंतीची मते हवी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेल्या माणसाला हे चित्र पचवणे सोपे नव्हते.

आणखी एक गोष्ट विस्मृतीत गेली आहे. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला कडाडून विरोध करणाऱ्या पक्षांनी ज्यांना उभे केले, त्या चिंतामणरावांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. आणि बँक कर्मचाऱ्यांच्या पगारासंबंधीच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून १९५४ मध्ये ज्या मजूरमंत्र्याने राजीनामा दिला, तो मंत्री म्हणजे व्ही. व्ही. गिरी. तेव्हा अर्थखाते चिंतामणरावांकडे होते. दोघेही तत्त्वासाठी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले. खरे तर १९६९ च्या मतपत्रिकेवर तीन तोलामोलाची माणसे होती. त्यांची तुलना त्यांच्या कामावरून झाली असती तर ती निवडणूक देशाच्या अभिमानाची ठरली असती.

*

घटना आता वेगाने घडू लागल्या. रेड्डींचा अर्ज भरताना सूचक म्हणून सही होती इंदिरा गांधींची. पक्षाच्या शिस्तीप्रमाणे ती त्यांना करावीच लागली. त्यानंतर त्यांनी रेड्डींसाठी बोटही उचलले नाही. गिरींना दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक, अकाली दल यांचा पाठिंबा मिळाला. काँग्रेसमधून मते फुटणार हे दिसू लागताच निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. त्यांचा हेतू साधा होता. पहिली पसंती तुम्ही देशमुखांना द्या, पण दुसरी रेड्डींना द्या.

ही भेट सिंडिकेटची सर्वांत मोठी घोडचूक ठरली. पंतप्रधानांच्या गटाला ज्या पुराव्याची वाट होती, तो पक्षाध्यक्षांनी स्वतःच हाती दिला. ११ ऑगस्टला जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी निजलिंगप्पांना पत्र लिहून जाब विचारला. या पक्षांशी तुम्ही कसला समझोता केला? काँग्रेसचे सरकार पाडून नवे सरकार आणण्याचा तर नाही ना? रेड्डींना विरोध करण्यामागचे खरे कारण पहिल्यांदाच उघड शब्दांत बाहेर आले. पण ते आले आरोपाच्या रूपात, मतदानाला पाच दिवस उरले असताना. राष्ट्रपतीने कोणत्या परिस्थितीत काय करावे, सल्ला किती बंधनकारक असावा, यावर चर्चा व्हायला तेव्हा वेळही नव्हता आणि कोणाला इच्छाही नव्हती.

निजलिंगप्पांनी पंतप्रधानांना रेड्डींच्या बाजूने पक्षादेश काढायला सांगितले. त्यांनी नकार दिला. आमदार-खासदारांनी अंतरात्म्याच्या आवाजाला स्मरून मत द्यावे, असे आवाहन झाले आणि ‘अंतरात्म्याचा आवाज’ हे शब्द देशभर पसरले. राष्ट्रपतिपदाचे मतदान गुप्त असते आणि मतदाराने आपल्या विवेकाने मत द्यावे, हे घटनेच्या रचनेशी सुसंगतच आहे. खटकते ते वेगळेच. ज्या पंतप्रधानांनी उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली, त्यांनी ती सही मागे घेतली नाही, विरोधाचे कारण जाहीर सभेत सांगितले नाही आणि मतदारांना मात्र मोकळे केले. रेड्डींना उघडपणे विरोध केला असता तर त्यांची बाजू अधिक भक्कम झाली असती. कारण ती बाजू खरोखर मांडण्यासारखी होती.

*

१६ ऑगस्टला मतदान झाले. मैदानात पंधरा उमेदवार होते. एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६, महाराष्ट्राच्या आमदाराचे १४६. २० ऑगस्टला मोजणी सुरू झाली, आणि देश आकाशवाणीला कान लावून बसला.

एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७ भरले. जिंकायला ४,१८,१६९ हवे होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. कोणीच कोट्यापर्यंत पोचले नव्हते. बाकीच्यांत आणखी एक मराठी नाव होते. एकेकाळी बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी असलेले, पहिल्या लोकसभेत सोलापूरहून निवडून गेलेले पां. ना. राजभोज. त्यांना ८३१ मूल्याची मते मिळाली. एका उमेदवाराच्या नावापुढे नेमके ५७६ होते, म्हणजे अवघ्या एका खासदाराचे मत. पाच जणांना शून्य. केवळ नाव छापून यावे म्हणून उभे राहणाऱ्यांना आवर घालण्यासाठी पुढे १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अनामत रक्कम यांची अट आली.

मग दुसऱ्या पसंतीची मोजणी. देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या आणि निजलिंगप्पांची बोलणी वाया गेली नव्हती हे दिसले. रेड्डींच्या खात्यात जवळपास ९२ हजारांची भर पडली. गिरींना मिळाले साडेअठरा हजार. पण गिरींची गरज त्याहून कमी होती. अखेरचे आकडे गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी कोट्याच्या वर गेले ते १,९०८ ने, म्हणजे तीन खासदारांच्या मतांहून थोडे जास्त. तेरा खासदारांनी इकडचे मत तिकडे दिले असते तर राष्ट्रपती भवनात संजीव रेड्डी गेले असते. यापूर्वी आणि यानंतर एकाही राष्ट्रपतीची निवड इतक्या निसटत्या फरकाने झालेली नाही.

२४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढून टाकले आणि ८४ वर्षांच्या काँग्रेसचे दोन तुकडे झाले. संघटना काँग्रेसचे रामसुभग सिंह लोकसभेतले पहिले अधिकृत विरोधी पक्षनेते झाले. बँकांचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्द ठरवला, सरकारने चार दिवसांत नवा वटहुकूम काढला. डिसेंबर १९७० मध्ये पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून गिरींनी मुदतीआधी लोकसभा विसर्जित केली आणि १९७१ च्या निवडणुकीत सिंडिकेट जवळपास पुसली गेली. संजीव रेड्डी अनंतपूरला जाऊन शेती करू लागले.

*

सिंडिकेटचा राष्ट्रपती पंतप्रधानांना घालवील, या भयाने १९६९ ची लढाई लढली गेली. त्या लढाईने उलट बाजूचा धोका जन्माला घातला. पंतप्रधानांच्या शब्दाबाहेर न जाणारा राष्ट्रपती, हीच या पदासाठी पहिली पात्रता ठरू लागली. १९७४ मध्ये राष्ट्रपती झाले ते फक्रुद्दीन अली अहमद, बंगळूरच्या बैठकीत इंदिरा गांधींबरोबर मत देणारे एकमेव सहकारी. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही झाली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. सही आधी, मंत्रिमंडळ नंतर. राष्ट्रपतींनी एक साधा प्रश्न विचारला असता, मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे एवढेच म्हटले असते, तरी ती रात्र वेगळी गेली असती. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला मानणे राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे घटनेत लिहिले गेले. १९६९ मध्ये उघडपणे चर्चिला जायला हवा होता तो प्रश्न असा, आणीबाणीत, बहुसंख्य विरोधी नेते तुरुंगात असताना सोडवला गेला. जनता सरकारने १९७८ मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात थोडी दुरुस्ती केली आणि सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा राष्ट्रपतींना दिली.

तेव्हा राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी. १९७७ मध्ये आंध्रात जनता पक्षाचा धुव्वा उडाला असताना नंद्यालमधून ते एकटेच त्या पक्षाचे निवडून आले, पुन्हा सभापती झाले आणि जुलैमध्ये राष्ट्रपतिपदावर बिनविरोध निवडले गेले. ३७ अर्जांपैकी त्यांचा एकच वैध ठरला. आठ वर्षांपूर्वी त्यांना पाडणाऱ्या इंदिरा गांधींच्या पक्षानेही या वेळी उमेदवार दिला नाही.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचे सरकार कोसळले आणि १९६९ मध्ये हक्सर ज्या क्षणाची कल्पना करत होते, तो क्षण रेड्डींपुढे प्रत्यक्षात आला. कोणाकडेच स्पष्ट बहुमत नव्हते. रेड्डींनी चरणसिंगांना बोलावले. लोकसभेला सामोरे न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला. जनता पक्षाचे नवे नेते आपल्याला संधी मिळावी म्हणून दावा करत होते. त्यांचे नाव जगजीवनराम. रेड्डींनी त्यांना बोलावले नाही. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली आणि जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर यांनी राष्ट्रपतींवर जाहीर टीकेची झोड उठवली. सभागृहाचा विश्वास एकदाही न मिळवलेल्या पंतप्रधानाचा सल्ला मानायचा की दुसऱ्या दावेदाराला संधी द्यायची, हे घटनेत कुठेच लिहिलेले नव्हते. जगजीवनराम यांना देशाचा पहिला दलित पंतप्रधान होण्याची संधी एका राष्ट्रपतीच्या निवाड्याने नाकारली गेली. निदान सभागृहात बहुमत अजमावण्याची मुभा त्यांना मिळायला हवी होती.

जानेवारी १९८० मध्ये निवडणुका झाल्या. १४ जानेवारीला रेड्डींनी इंदिरा गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली. या वेळी त्यांच्यामागे ३५३ खासदार होते. सरकार बनवायला कोणाला बोलवावे, हे ठरवण्याचे काम राष्ट्रपतींकडे उरलेच नव्हते.